शाळेजवळचे घर : पत्ता विकत मिळतो, प्रवेश नाही

घर घेताना पूर्वी पाणी, रस्ता आणि शेजार पाहिला जात असे. आता त्यात चौथ्या गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे शाळा. पुण्या-नाशिकात हा विचार जुना झाला. पण साक्रीसारख्या तालुक्याच्या गावातही प्लॉट विकणाऱ्याच्या फलकावर शाळेपासूनचे अंतर मिनिटांत लिहिलेले असते आणि घर पाहायला आलेले तरुण जोडपे बोअरला पाणी किती लागले हे विचारण्याआधी मुलांना शाळेत पायी जाता येईल का, हे विचारते. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या उत्तरावर आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज लावावे का, याचा विचार अद्याप पुरेसा होताना दिसत नाही. शाळेजवळचे घर नेमके काय देते आणि काय देत नाही, याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे. गेल्या काही वर्षांत घर आणि शाळा यांच्यातील अंतर हा केवळ सोयीचा विषय राहिलेला नाही. तो कायद्याचा, न्यायालयाचा आणि शासकीय धोरणाचाही विषय झाला आहे.

तालुक्याच्या गावाकडे ओढा

साक्री हे धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, कान नदीकाठचे, नागपूर-सुरत महामार्गावरचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण असलेले धुळे येथून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर. तालुका विस्ताराने मोठा. एका बाजूला पिंपळनेर, दहिवेलकडचा डोंगराळ आदिवासी पट्टा, दुसरीकडे निजामपूर-जैताणे, कासारे, म्हसदीकडची शेतीवाडी. विधानसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. घरात अहिराणी, कोकणी किंवा भिली, शाळेत मराठी आणि आता पालकांच्या मनात इंग्रजी, असा इथला भाषेचा प्रवास आहे.

अशा तालुक्यात शाळेसाठी घर बदलणे ही नवी गोष्ट नाही. मूल पाचवी-सहावीला गेले की तालुक्याच्या गावी 'खोली करून' राहण्याची रीत खानदेशात जुनी आहे. आई मुलांबरोबर गावात, वडील शेतावर, आणि कांद्याचा किंवा कपाशीचा पैसा हाती आला की वर्षाचे भाडे एकदम चुकते, हे चित्र अनेक कुटुंबांचे आहे. नोकरदार शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँक कर्मचारी हे तर मुलांच्या शाळेसाठी साक्रीत राहून खेड्यांत नोकरी करतात, नाहीतर धुळ्याला राहून साक्रीपर्यंत ये-जा करतात. फरक एवढाच पडला आहे, की पूर्वी भाड्याची खोली होती. आता गृहकर्ज सहज मिळू लागल्यामुळे खोलीऐवजी घरच घ्यावे, असा विचार बळावला आहे. भाड्याची खोली शाळा बदलली की सोडता येते. घर सोडता येत नाही. सारा प्रश्न या एका फरकातून निर्माण होतो.

घराचा पत्ता म्हणजे प्रवेश नव्हे

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, घर कुठे आहे यावर सरकारी शाळा कोणती मिळणार हे ठरते. साहजिकच चांगल्या शाळेच्या हद्दीतील घरांना जास्त किंमत येते. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ विदुषींनी १९९९ मध्ये बोस्टनच्या उपनगरांचा अभ्यास करून दाखवून दिले, की शाळेच्या हद्दीच्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या सारख्याच घरांच्या किमतींत फरक असतो. शाळेचे गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक मोजतात. तेथे घराबरोबर शाळेचा हक्कच विकत मिळतो, त्यामुळे या जादा पैशाला निदान काही अर्थ आहे.

आपल्याकडे तसे नाही. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा पत्त्यावरून मुलाला नाकारू शकत नाही. ती शेजारच्यालाही खुली आणि दूरच्यालाही. खासगी विनाअनुदानित शाळा शुल्क भरणाऱ्या कोणालाही प्रवेश देते. भिंतीला भिंत लागून घर असले म्हणून तिथे जागा राखून ठेवली जात नाही. म्हणजे शाळेजवळचे घर घेऊन पालक जे विकत घेतात, ते अंतर असते, प्रवेश नव्हे. प्लॉटच्या जाहिराती नेमकी हीच गल्लत करतात.

या नियमाला एकच महत्त्वाचा अपवाद आहे, तो शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांचा. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील परिसरातील मुलांना मोफत द्यायच्या असतात. महाराष्ट्रात वंचित गटातील मुलांना उत्पन्नाची अट नाही; दुर्बल गटासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा, नकाशावर आपल्या घराची खूण करायची, शाळा निवडायच्या आणि सोडतीची वाट पाहायची. इथे मात्र घराचे अंतर निर्णायक ठरत आले आहे. सोडतीत आधी एक किलोमीटरच्या आतील मुले, नंतर एक ते तीन किलोमीटरमधील आणि त्यानंतर जागा उरल्यास त्यापलीकडील, असा क्रम राहिला आहे. राज्यभरात सुमारे नऊ हजार शाळांत एक लाखाच्या वर जागा आणि २०२५-२६ च्या प्रवेशासाठी तीन लाखांच्या आसपास अर्ज, हे प्रमाण पाहिले की अर्ध्या किलोमीटरलाही किती मोल आले आहे, ते लक्षात येईल.

त्यातही एक मेख आहे. नकाशावर मोजले जाणारे अंतर हे सरळ रेषेतले, हवाई अंतर असते. मध्ये नदी असो की महामार्ग, नकाशाला त्याचे सोयरसुतक नसते. कागदावर आठशे मीटरवर असलेली शाळा प्रत्यक्षात पुलाला वळसा घालून दोन किलोमीटरवर असू शकते. ज्याला सोडतीत स्थान हवे त्याला हवाई अंतर महत्त्वाचे. ज्याच्या मुलाला पावसाळ्यात पायी जायचे आहे, त्याला रस्ता महत्त्वाचा. घर पाहताना आपण कोणते अंतर विकत घेत आहोत, हे आधी ठरवलेले बरे.

एका अधिसूचनेचा धडा

अंतराच्या या नियमावर किती विसंबावे, याचा धडा २०२४ ने दिला. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य शासनाने शिक्षण हक्क नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून सूट देण्यात आली. शेजारी कर्नाटकाने असा मार्ग पूर्वीच पत्करला होता. शासनाचा युक्तिवाद असा, की जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेचे शुल्क सरकारने का भरावे?

परिणाम तात्काळ दिसला. आतापर्यंत शाळेजवळ घर असणे हा लाभ होता. या दुरुस्तीने तो लाभ जवळजवळ पुसून टाकला. साक्रीसारख्या आटोपशीर गावाचा विचार करा. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतरच थोडे. त्यात जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा गावभर विखुरलेल्या. एक किलोमीटरचे वर्तुळ काढले, की गावातील बहुतेक खासगी शाळा त्यात सापडणार आणि बंधनातून सुटणार. राज्यात सर्वत्र हेच घडले. नव्या नियमाने जागांची संख्या कागदावर नऊ लाखांच्या घरात गेली, कारण त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांच्या जागा धरल्या होत्या. पण अर्ज आले जेमतेम सत्तर हजारांच्या आसपास. सरकारी शाळेत प्रवेश एरवीही मोफत मिळतो. त्यासाठी सोडतीचा अर्ज कोण भरणार?

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने यावेळी निरनिराळ्या थरांतील मुलांनी एकत्र शिकण्याचे महत्त्वही अधोरेखित केले. स्थगितीनंतर जुन्या पद्धतीने नव्याने मागवलेल्या अर्जांची संख्या अडीच लाखांच्या आसपास गेली. पालकांना काय हवे होते, हे त्या आकड्यानेच सांगितले.

हा निकाल पालकांच्या बाजूने लागला, हे चांगलेच झाले. पण घर घेणाऱ्याने त्यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. फेब्रुवारी ते जुलै या पाच-सहा महिन्यांत एकाच घराचे शैक्षणिक मोल एकदा शून्यावर आले आणि पुन्हा पूर्ववत झाले. घर जागचे हलले नव्हते. नियम हलला होता. जो नियम एका अधिसूचनेने बदलू शकतो, त्याच्या भरवशावर वीस वर्षांचे कर्ज घेणे हा धोका आहे. पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशासाठी घर विकत घेण्याची आवश्यकताही नाही. नोंदणीकृत भाडेकरारही पत्त्याचा पुरावा म्हणून चालत आला आहे. फक्त तो अर्ज भरण्याआधी झालेला आणि किमान अकरा महिन्यांचा असावा लागतो. तथापि, प्रत्यक्ष न राहता केवळ कागदावर पत्ता दाखवण्याचा मार्ग कोणी पत्करू नये. नागपूरमध्ये २०२४ साली बनावट कागदपत्रांच्या आधारे प्रवेश मिळवल्याच्या संशयावरून पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले होते. नियमांचे तपशील दरवर्षी बदलू शकतात. त्या त्या वर्षीच्या सूचना वाचूनच पाऊल उचलावे.

शाळा तरी जागेवर राहील का?

घर घेताना आपण गृहीत धरतो, की घर नवे असले तरी शाळा कायमची आहे. प्रत्यक्षात उलट घडण्याची शक्यता अधिक. घर पन्नास वर्षे उभे राहते. शाळेचे तसे सांगता येत नाही.

सरकारी शाळांचेच घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा अशा शाळांची संख्या राज्यात सुमारे पंधरा हजार आणि त्यांत शिकणारी मुले पावणेदोन लाखांच्या वर असल्याचे समोर आले. पुढे २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याची कल्पना पुढे आली. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर शिक्षकाचे पदच मंजूर न करण्याचे धोरण आणले. शिक्षक संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा स्वतंत्र विषय आहे. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा असा, की पट हा शाळेचा प्राणवायू आहे आणि तो कमी होत असेल, तर घराशेजारची शाळा इमारत म्हणून उभी राहील, शाळा म्हणून नव्हे.

खासगी शाळांची अनिश्चितता वेगळ्या प्रकारची आहे. लहान गावांत इंग्रजी माध्यमाची शाळा अनेकदा भाड्याच्या बंगल्यात किंवा मंगल कार्यालयाच्या मजल्यावर सुरू होते. पट वाढला की संस्था गावाबाहेर, महामार्गालगत, मोठी जागा घेते आणि शाळा तिकडे जाते. ज्यांनी जुन्या इमारतीजवळ जादा दराने प्लॉट घेतलेले असतात, त्यांची मुले मग पिवळ्या बसमध्ये बसतात. काही ठिकाणी तर मान्यताच नसते. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभागाला दरवर्षी जाहीर कराव्या लागतात, त्या उगाच नव्हेत. एखाद्या मोठ्या संस्थेच्या भरवशावर भोवतालच्या जमिनीचे गणित मांडले, की काय होते, हे साक्री तालुक्याला नव्याने सांगायला नको. भाडणे येथील पांझराकान सहकारी साखर कारखाना दीर्घकाळ बंद राहिला, तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्या कितीतरी जणांचे हिशेब विस्कटले. शाळा म्हणजे कारखाना नव्हे, हे खरे. पण संस्था बंद पडू शकते किंवा हलू शकते, हे दोन्हींना लागू आहे.

शाळा कितवीपर्यंत आहे, हाही प्रश्न अनेकदा विचारायचाच राहतो. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा चौथी-पाचवीपर्यंत, काही सातवी-आठवीपर्यंत. चौथीपर्यंतच्या शाळेजवळ घर घेणारा चार वर्षांच्या सोयीसाठी जन्माचा निर्णय घेत असतो. पाचवीला मूल पुन्हा दूरच्या शाळेत जाणारच असेल, तर घराची निवड त्या दुसऱ्या शाळेच्या रस्त्याने करणे अधिक शहाणपणाचे.

पैशाचा सरळ हिशेब

भावना बाजूला ठेवून आकडे मांडले, तर चित्र स्पष्ट होते. समजा, एखाद्या कुटुंबाने पंधरा लाखांचे गृहकर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे साडेतेरा हजार रुपये येतो. मूल पहिलीत जाताना घर घेतले असे धरले, तर दहा वर्षांनी ते दहावी होईल. त्या दिवशी कर्जाची शिल्लक किती असेल? साडेदहा लाखांहून अधिक. म्हणजे ज्या शाळेसाठी घर घेतले ती संपली, मूल अकरावीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी धुळे, नाशिक, पुण्याकडे निघाले, आणि कर्जाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग अजून डोक्यावर आहे. त्याच वेळी मुलाच्या वसतिगृहाचा नि शिकवणीचा खर्च सुरू होणार. शाळेजवळच्या घराचा हप्ता पुढच्या शिक्षणाच्या आड येत असेल, तर हा सौदा उलटाच म्हणावा लागेल.

आता दुसरी बाजू. शाळा तीन किलोमीटरवर आहे आणि पालक दुचाकीने सोडतात-आणतात, असे धरू. दोन वेळच्या ये-जा मिळून दिवसाला बारा किलोमीटर. वर्षाचे २२० दिवस धरले तर २,६४० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी गाडी आणि पेट्रोलचा दर १०५ रुपयांच्या आसपास मानला, तर वर्षाचा खर्च सहा हजारांच्या घरात जातो. याउलट शाळेजवळच्या प्लॉटसाठी तीन लाख रुपये जादा मोजले असतील, तर त्यावरचे नऊ टक्क्यांनी होणारे व्याजच पहिल्या वर्षी सत्तावीस हजार होते. शुद्ध पैशाच्या हिशेबात शाळेजवळचे घर परवडत नाही, हे उघड आहे.

मग ते घ्यावे कशासाठी? वेळेसाठी आणि मुलाच्या स्वातंत्र्यासाठी. सोडण्या-आणण्यात रोज एक तास जात असेल, तर वर्षाचे २२० तास होतात. दोघेही नोकरी करणाऱ्या किंवा शेत आणि दुकान सांभाळणाऱ्या घरात या तासांची किंमत पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक आहे. आणि हा भार बहुधा आईवर पडतो. पायी शाळेत जाणारे मूल रस्ता, दुकान, शेजारी ओळखू लागते. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खेळू शकते. मुलींच्या बाबतीत तर अंतर हा शिक्षण सुरू राहण्या-न राहण्याचा प्रश्न असतो. ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना बारावीपर्यंत आहे. पण पास असला तरी शेवटची बस चुकली की पुढचा दिवस बुडतो, आणि असे चार दिवस बुडाले की घरात वेगळीच चर्चा सुरू होते. ज्या कुटुंबाला हा धोका जाणवतो, त्याने अंतरासाठी पैसे मोजले तर ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की त्यासाठी विकतचे घर हवे की भाड्याचे.

जमिनीची चौकशी अधिक महत्त्वाची

शाळेच्या मोहात अनेकदा जमिनीची चौकशी राहून जाते. साक्री तालुक्यात ती विशेष काटेकोरपणे करावी लागते. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम ३६ आणि ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. अशी परवानगी न घेता झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. हा कायदा आदिवासींच्या संरक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून सातबाऱ्यावरील आताचे नाव पाहून न थांबता मागच्या फेरफार नोंदी वाचणे हे खरेदीदाराचे कर्तव्य ठरते.

दुसरी बाब तुकड्यांची. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने निर्बंध घातले. २०२५ मध्ये शासनाने जुन्या व्यवहारांना नियमित करण्याची वाट मोकळी केली असली, तरी त्याचा अर्थ कोणताही तुकडा आता बिनदिक्कत घ्यावा असा नाही. बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन, रस्ता आणि मोकळ्या जागेची नोंद ही कागदपत्रे हातात येईपर्यंत बयाणा देऊ नये. रेखांकनाचे क्षेत्र पाचशे चौरस मीटरहून अधिक असेल, तर महारेराची नोंदणी आहे का, हेही विचारावे. जाहिरातीत खोटी माहिती देऊन फसवणूक झाल्यास स्थावर संपदा कायद्याखाली भरपाई मागता येते. त्यामुळे 'शाळा होणार' असे तोंडी सांगणाऱ्याकडून ते लेखी मागून पाहावे. तो लिहून देतो की विषय बदलतो, यावरून बरेच काही कळते.

'शेजारचा भूखंड शाळेसाठी आरक्षित आहे' हे आणखी एक हमखास वाक्य. विकास आराखड्यातील आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मूळ मालक १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. शाळेच्या जागी मग व्यापारी संकुल उभे राहिलेले आपण अनेक शहरांत पाहतो.

खरेदी ठरलीच, तर एक सवलत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. शाळेच्या ये-जाचा भार जर घरातील स्त्रीच वाहणार असेल, तर घरावर तिचे नाव लागण्यात औचित्यही आहे.

निर्णय कसा करावा?

सगळ्या चर्चेचे सार सांगायचे तर, शाळा हे घराच्या निवडीतले एक कारण असावे. एकमेव कारण असू नये. ज्या घरात शाळा नसती तरी आपण राहायला गेलो असतो, म्हणजे पाणी, रस्ता, कागदपत्रे, कामाचे ठिकाण आणि हप्ता यांचा मेळ बसतो, ते घर शाळेजवळ असेल तर जरूर घ्यावे. ज्या घराच्या बाजूने शाळेखेरीज एकही कारण नाही, तिथे आधी दोन-तीन वर्षे भाड्याने राहावे. तेवढ्या काळात शाळेचा पट वाढतो की घटतो, शिक्षक टिकतात की दर सहामाहीला बदलतात, वरचे वर्ग सुरू होतात की नुसती घोषणा राहते, हे समजते. मुख्य म्हणजे त्या शाळेत आपले मूल रमते की नाही, हे समजते. ते कोणत्याही उताऱ्यात लिहिलेले नसते. मूल लहान असेल आणि कुटुंबाला त्याच गावात आयुष्य काढायचे असेल, तर निर्णयाचे पारडे खरेदीकडे झुकते. मूल सहावी-सातवीत असेल, तर शाळेसाठी घर घेण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

शेवटी एक मोठा प्रश्न उरतो, तो कोणा एका कुटुंबाने सोडवण्यासारखा नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये परिसर शाळेचा पुरस्कार केला होता. वस्तीतली सगळी मुले, कोणत्याही घरातली असोत, वस्तीतल्याच शाळेत एकत्र शिकावीत, अशी ती कल्पना. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे तत्त्व मान्य केले. म्हणजे मुलांनी शाळेजवळ राहायला यावे, अशी अपेक्षा नव्हती. शाळेने मुलांजवळ जावे, अशी होती. आज उलट होत आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो चांगल्या शाळेजवळ सरकतो. ज्याच्याजवळ नाही, त्याच्या वाड्या-पाड्यावरची शाळा पट घटल्याने आणखी अशक्त होते. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील कितीतरी आदिवासी मुलांच्या बाबतीत तर घराजवळ शाळा हा पर्यायच नसतो. त्यांना आश्रमशाळेतच घर करावे लागते.

साक्रीची नगरपंचायत नव्या वसाहतींची रेखांकने मंजूर करताना शाळेच्या जागेचा आणि तिथवर जाणाऱ्या पायवाटेचा विचार करणार का, जिल्हा परिषद गावातल्या आपल्या शाळांत वरचे वर्ग आणि पुरेसे शिक्षक देणार का, यावर पुढच्या दहा वर्षांत इथला पालक घर कुठे घेणार, हे ठरेल. घराजवळची सरकारी शाळा भरवशाची असेल, तर कोणालाही शाळेसाठी प्लॉटचे जादा पैसे मोजावे लागणार नाहीत. तोपर्यंत ज्याने त्याने आपला हिशेब मांडावा. मात्र फलकावर लिहिलेल्या मिनिटांवरून नव्हे, तर मुलाचा हात धरून, शाळा भरण्याच्या वेळी, तो रस्ता एकदा स्वतः चालून.